तीन कायद्यांच्या मधला सार्जंट

१ जून १८८७ च्या संध्याकाळी ॲरिझोना प्रदेशातल्या सॅन कार्लोस ठाण्यावर पाच अपाचे स्काउट घोड्यांवरून परत आले. काही दिवस ते परवानगीशिवाय गायब होते आणि त्या दिवसांत काय घडले, हे ठाण्यातल्या सर्वांना ठाऊक होते. त्यांचा सार्जंट एका जुन्या वैऱ्याचा जीव घेऊन आला होता. त्याला कोणी पकडून आणले नव्हते. तो आपण होऊन हजर झाला आणि अधिकाऱ्याने सांगताच त्याने सर्वांआधी बंदूक आणि काडतुसांचा पट्टा काढून ठेवला. पाचही जणांना कोठडीकडे जायचा हुकूम झाला. तेवढ्यात भोवती जमलेल्या गर्दीतून गोळ्या सुटल्या. स्काउटांचा प्रमुख अल सीबर याच्या घोट्यात गोळी लागली आणि तो कायमचा लंगडा झाला. गोंधळात सार्जंट आणि त्याचे साथीदार पळाले.

या सार्जंटचे अपाचे नाव इंग्रजी कागदांत अनेक तऱ्हांनी लिहिलेले सापडते. ते उच्चारायची तसदी नको म्हणून गोऱ्यांनी त्याला 'किड', म्हणजे 'पोरगा', म्हणायला सुरुवात केली. पुढे तो 'अपाचे किड' या नावाने प्रसिद्ध झाला. जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास ५,००० डॉलर, अशी त्याच्या डोक्याची किंमत ठरली. तो कुणाच्याच हाती लागला नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील दरोडेखोरांच्या कथा जगभर खपल्या. त्यांतले कित्येक आधी शिपाई होते. मिसूरीचा फ्रँक जेम्स यादवी युद्धात दक्षिणेकडून लढला, पुढे धाकटा भाऊ जेसी याच्याबरोबर बँका आणि आगगाड्या लुटत फिरला. जेसी मारला गेल्यावर, १८८२ च्या ऑक्टोबरात, त्याने राज्याच्या गव्हर्नरापुढे जाऊन शस्त्र ठेवले. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला निर्दोष सोडले आणि १९१५ साली तो अंथरुणावर मेला. मिसूरीच्या ज्युरीत बसलेल्या माणसांना तो आपल्यातला वाटत होता. किडची कथा त्याच काळातली, पण त्याच्या ज्युरीत त्याच्यातला एकही माणूस बसू शकत नव्हता. हा फरक लक्षात ठेवला तर शिपायाचा दरोडेखोर कसा होतो, या प्रश्नाकडे त्या माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या भोवतालच्या कायद्यातून पाहता येते. किडच्या बाबतीत तसे पाहावेच लागते, कारण त्याच्या स्वभावाविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे उरले आहे.

सॅन कार्लोस ही जागा आधी समजून घेतली पाहिजे. हीला आणि सॅन कार्लोस या नद्यांच्या संगमाजवळची ही रखरखीत, उष्ण, हिवतापाने भरलेली सपाटी १८७२ साली अपाच्यांसाठी राखून ठेवण्यात आली. पुढच्या पाच वर्षांत वॉशिंग्टनच्या धोरणामुळे डोंगराळ भागातल्या वेगवेगळ्या अपाचे टोळ्यांना तिथे आणून कोंबण्यात आले. यांतल्या काहींचे आपसांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. सरकारच्या लेखी मात्र ते सगळे 'अपाचे'. प्रत्येक टोळीला एक अक्षर, प्रत्येक पुरुषाला एक आकडा आणि तो आकडा कोरलेला धातूचा बिल्ला. शिधा घेताना, मोजणी होताना हा बिल्ला दाखवायचा. माणसाला नाव होते ते घरात. ठाण्यात त्याला नंबर होता.

या कोंडवाड्यातून बाहेर पडण्याची एक सन्माननीय वाट होती, ती म्हणजे लष्करी नोकरी. १८६६ च्या कायद्याने अमेरिकन लष्कराला एक हजारपर्यंत इंडियन स्काउट भरती करण्याची मुभा दिली होती आणि त्यांना घोडदळाच्या शिपायाचा पगार व भत्ते मिळत. शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर होता. जनरल जॉर्ज क्रुकने १८७० च्या दशकात ओळखले होते की अपाच्याचा माग अपाच्यालाच लागतो. युरोपात शिकवलेली लढाई इथल्या खडकाळ दऱ्यांत निरुपयोगी होती. दगडावरून गेलेल्या पावलाची खूण, विझलेल्या चुलीच्या राखेतली ऊब, घोड्याच्या लिदीवरून काढलेला वेळेचा अंदाज, हे ज्ञान विकत मिळत नव्हते. ते ज्याच्याकडे होते त्यालाच गणवेश चढवावा लागला. सरकारने चोरालाच पहारेकरी केले, असे गोऱ्या वसाहतवाल्यांचे म्हणणे. अपाच्यांच्या बाजूने पाहिले तर बंदूक, घोडा आणि टोळीबाहेर हिंडण्याचा परवाना हे सगळे एकाच नोकरीत मिळत होते.

किडचा जन्म १८६० च्या आसपासचा. तो अरवायपा अपाच्यांपैकी. सॅन कार्लोसपासून जवळच्या ग्लोब या खाणगावात तो पोरवयात पडेल ती कामे करी, तिथेच मोडकेतोडके इंग्रजी शिकला आणि तिथेच सीबरच्या नजरेस पडला. सीबर जर्मनीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला, गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झालेला माणूस. कडक, शिवराळ, पण अपाचे स्काउटांशी वागताना शब्दाला पक्का, अशी त्याची ख्याती. किड त्याच्या तालमीत वाढला. १८८१ साली तो स्काउटांत भरती झाला आणि वर्षभरातच सार्जंट झाला. १८८३ ची क्रुकची मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे डोंगरांतली मोहीम आणि १८८५-८६ चा जेरोनिमोचा पाठलाग, या दोन्हींत त्याचा भाग होता. म्हणजे अमेरिकन सरकार ज्या युद्धाला आपल्या सरहद्दीवरचे शेवटचे मोठे युद्ध म्हणते, ते युद्ध किड सरकारच्या बाजूने लढला होता.

तरीही सरकारचा स्काउटांवर पूर्ण विश्वास कधीच बसला नाही. याची दोन कारणे किडच्या कथेला थेट भिडतात. पहिले सिबिक्यूचे. ३० ऑगस्ट १८८१ रोजी लष्कराची एक तुकडी सिबिक्यू ओढ्यावर एका अपाचे वैद्य-पुजाऱ्याला पकडायला गेली. अटक झाली आणि गोळीबार सुरू झाला, तेव्हा बरोबर असलेले अपाचे स्काउट उलटले. पुजारी मारला गेला, एक कॅप्टन आणि काही शिपाई पडले. पुढच्या वर्षी ३ मार्चला फोर्ट ग्रँट येथे तीन स्काउटांना फाशी दिली. स्काउटांच्या सबंध इतिहासात लष्करावर उलटण्याचा एवढा मोठा प्रसंग तोच एक, पण अधिकाऱ्यांच्या मनात तो कायमचा घर करून बसला. सहा वर्षांनी गर्दीसमोर पाच सशस्त्र स्काउट उभे असताना कॅप्टन फ्रान्सिस पियर्सने त्यांना आधी बंदुका टाकायला सांगितल्या, यात नवल नाही.

दुसरे कारण उलट बाजूचे आहे, आणि ते अपाच्यांच्या मनात घर करून होते. सप्टेंबर १८८६ मध्ये जेरोनिमो शरण आला. त्याच्या लपण्याच्या जागी जाऊन त्याला समजावण्याचे जोखमीचे काम कायीता आणि मार्टीन या दोन चिरिकावा अपाच्यांनी केले होते. बक्षीस म्हणून काय मिळाले? चिरिकावा टोळीबरोबर या दोघांनाही आगगाडीत बसवून फ्लोरिडात कैदी म्हणून पाठवले. इतर चिरिकावा स्काउटांचेही तेच झाले. हे बंदिवान १९१३ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, युद्धकैदीच राहिले. सॅन कार्लोसमधल्या प्रत्येक स्काउटाने हे पाहिले होते. १ जूनच्या त्या संध्याकाळी दुभाष्याच्या तोंडून फ्लोरिडाचे नाव निघाले आणि त्यामुळे गर्दी बिथरली, असे नंतर सांगितले गेले. तसे घडले असेल, तर पहिली गोळी का सुटली हे समजायला आणखी काही शोधावे लागत नाही.

आता त्या खुनाविषयी. १८८७ च्या मे महिन्यात सीबर आणि पियर्स कामानिमित्त सॅन कार्लोसबाहेर गेले आणि ठाण्यावरच्या स्काउटांची जबाबदारी किडवर सोपवली गेली. याच सुमारास टिझविनची मेजवानी झाली. टिझविन म्हणजे मोड आलेल्या मक्यापासून केलेली अपाच्यांची घरगुती दारू. तिच्यावर ठाण्याची बंदी होती. तिथे जुने वैर उकरून निघाले. किडच्या घरातला एक कर्ता पुरुष (काही नोंदींत वडील, काहींत आजोबा) मारला गेला होता आणि त्यामागे रिप नावाचा माणूस आहे, असे किडचे घराणे मानत होते. किड चार स्काउटांना घेऊन रिपच्या वस्तीवर गेला आणि त्याने त्याला ठार केले.

हे कृत्य तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या चौकटीत बसवून पाहिले तर तीन वेगळी नावे मिळतात. अपाच्यांच्या रीतीने ते कर्तव्य होते. रक्ताची बाकी नात्यातल्या पुरुषाने फेडायची असते. न फेडणारा तोंड दाखवायला लाजतो. लष्करी नियमाने ती शिस्तभंगाची बाब होती. जबाबदारीवर असलेला सार्जंट ठाणे सोडून गेला, शिवाय दारू प्यालेला. तिसरा कायदा अमेरिकेचा फौजदारी कायदा. त्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथे आहे.

१८८१ साली डकोटा प्रदेशात क्रो डॉग नावाच्या लाकोटा माणसाने स्पॉटेड टेल या सरदाराला ठार मारले. दोन्ही घराण्यांनी आपल्या रीतीने प्रकरण मिटवले; मयताच्या नातलगांना ६०० डॉलर, आठ घोडे आणि एक कांबळे देण्यात आले. तरीही अमेरिकन न्यायालयाने क्रो डॉगला फाशी सुनावली. १८८३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राखीव वस्तीत एका इंडियनाने दुसऱ्या इंडियनाचा जीव घेतला तर तो त्या जमातीचा प्रश्न, तिथे आपली सत्ता चालत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. वॉशिंग्टनमध्ये यावर ओरड झाली आणि ३ मार्च १८८५ रोजी काँग्रेसने कायदा करून सात गुन्हे जमातींच्या हातून काढून घेतले. खून, सदोष मनुष्यवध, बलात्कार, ठार मारण्याच्या हेतूने हल्ला, जाळपोळ, घरफोडी आणि चोरी. किडने रिपला मारले ते या कायद्यानंतर दोन वर्षांनी. अडीच वर्षे आधी हेच घडले असते तर लष्करी शिक्षेपलीकडे अमेरिकन न्यायालयाला त्यात बोट घालता आले नसते. सॅन कार्लोसच्या अपाच्यांना या फेरबदलाची कल्पना किती होती? कायदा माहीत नसणे हा बचाव नाही, हे न्यायाचे जुने सूत्र आहे खरे; पण ते सूत्र ज्यांच्यावर लावायचे त्यांना मत नव्हते, नागरिकत्व नव्हते आणि कायदा ज्या भाषेत लिहिला तिची अक्षरेही ओळखीची नव्हती.

गोळीबारानंतर किड आणि त्याचे साथीदार डोंगरांत गेले. घोडदळ मागावर निघाले. या काही आठवड्यांत दोन गोरे मारले गेले आणि त्याचा ठपका या टोळीवर आला. एका छाप्यात टोळीची घोडी आणि सामान लष्कराच्या हाती लागले. मग किडने जनरल नेल्सन माइल्सला निरोप पाठवला की घोडदळ मागे घ्या, मी शरण येतो. माइल्सने फौज मागे घेतली आणि २५ जूनला किड हजर झाला. दिलेला शब्द दोघांनीही पाळला. या सबंध प्रकरणात असे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा नोंदवून ठेवावा.

लष्करी न्यायालयाने बंड आणि पलायन हे आरोप ठेवून पाचही स्काउटांना गोळ्या घालून ठार मारण्याची शिक्षा दिली. माइल्सला ती अतिरेकी वाटली. त्याने फेरविचाराला सांगितले. न्यायालयाने जन्मठेप केली. माइल्सने ती दहा वर्षांवर आणली. किडची रवानगी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझच्या लष्करी तुरुंगात झाली. तिकडे वॉशिंग्टनमध्ये लष्कराच्या कायदे विभागाने कागद तपासले आणि न्यायाधीश म्हणून बसलेल्या अधिकाऱ्यांची मने आधीच कलुषित होती, असे ठरवले. ऑक्टोबर १८८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. किड सॅन कार्लोसला परत आला आणि जवळजवळ वर्षभर गुपचूप राहिला. लष्कराने आपला हिशोब मिटवला होता. कथा इथेच संपली असती तर आज किडचे नावही कोणाला ठाऊक नसते.

ती संपली नाही याला दिल्ली-मुंबईच्या वकिलांनाही ओळखीचा वाटेल असा एक पेच कारणीभूत झाला: कोणत्या न्यायालयाचा अधिकार? १८८५ च्या कायद्यानुसार ॲरिझोनातले अनेक अपाचे केंद्राच्या न्यायालयातून शिक्षा होऊन दूरच्या तुरुंगांत गेले होते. त्यांच्या वतीने अर्ज झाले आणि १५ एप्रिल १८८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे खटले चालवण्याचा अधिकार केंद्राच्या न्यायालयांना नसून प्रदेशाच्या, म्हणजे स्थानिक न्यायालयांना आहे. शिक्षा रद्द. कागदावर हा अपाच्यांचा विजय होता. प्रत्यक्षात त्यांना दूरच्या न्यायाधीशांकडून काढून शेजारच्या गावकऱ्यांच्या ताब्यात दिले गेले. खाणवाले, गुरेवाले, दुकानदार, ज्यांना सॅन कार्लोसची जमीन आणि पाणी हवे होते, तेच आता ज्युरीत बसणार होते.

परिणाम लगेच दिसला. १८८७ साली सॅन कार्लोसवर लेफ्टनंट सीवर्ड मॉट याला मारणाऱ्या नाहदेझाझ या तरुणाला आधी जन्मठेप झाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तो सुटला, ग्लोबमध्ये त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि २७ डिसेंबर १८८९ रोजी त्याला तिथे फासावर चढवले. दाद मागून जिंकलेल्या माणसाला जिंकल्यामुळे फाशी झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात किडलाही पकडून ग्लोबला आणले. रिपच्या खुनाचा आरोप नव्हता. अपाच्याने अपाच्याला मारल्याचे ग्लोबच्या लोकांना फारसे सोयरसुतक नव्हते. आरोप होता सीबरला ठार मारण्याच्या हेतूने हल्ल्याचा, म्हणजे त्या सात गुन्ह्यांपैकी एक. गोळी सुटली तेव्हा किडची बंदूक त्याच्या हातात नव्हती. ती गोळी कर्ली नावाच्या दुसऱ्या अपाच्याची होती, असे पुढच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. ज्युरीला ते महत्त्वाचे वाटले नाही. २५ ऑक्टोबरला किड आणि तिघा साथीदारांना युमाच्या तुरुंगात सात-सात वर्षांची शिक्षा झाली.

ॲरिझोनाच्या ज्युरीचा आणखी एक निकाल इथे शेजारी ठेवावा लागतो. ३० एप्रिल १८७१ च्या पहाटे टूसॉनहून निघालेल्या अमेरिकन, मेक्सिकन आणि तोहोनो ओओधाम लोकांच्या जमावाने कँप ग्रँटजवळ लष्कराच्या आसऱ्याला आलेल्या अरवायपा अपाच्यांची कत्तल केली. सुमारे १४४ जीव गेले, जवळजवळ सगळ्या बायका आणि मुले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या दबावामुळे शंभर जणांवर खटला झाला. ज्युरीने सर्वांना सोडले. त्यासाठी तिला एकोणीस मिनिटे लागली. मारले गेलेले लोक किडच्या टोळीचे होते. त्या वेळी तो दहा-अकरा वर्षांचा असेल.

युमाला जायची वाट अशी होती: ग्लोबहून घोडागाडीने रिव्हरसाइडमार्गे कासा ग्रँडे, तिथून आगगाडी. हीला काउंटीचा शेरीफ ग्लेन रेनॉल्ड्स याने आठ अपाचे आणि एक मेक्सिकन कैदी यांना न्यायचे ठरवले. लष्कराकडून स्काउटांची सोबत मिळत होती, ती त्याने घेतली नाही. बरोबर फक्त डेप्युटी विल्यम होम्स आणि गाडीवान युजीन मिडलटन. २ नोव्हेंबर १८८९ च्या पहाटे केल्विनजवळच्या चढावर घोडी दमली, वाळूत चाके रुतू लागली, तेव्हा किड आणि आणखी एक असे दोघे गाडीत ठेवून बाकीच्यांना खाली उतरवून चालवले. हातकड्या दोघादोघांना मिळून होत्या. थोड्या अंतरावर कैद्यांनी एकदम वळून पहारेकऱ्यांवर झडप घातली. रेनॉल्ड्स आणि होम्स जागीच मेले. मिडलटनच्या गालातून गोळी गेली. तो मेल्यासारखा पडून राहिला. त्याला संपवायला निघालेल्या साथीदाराला किडनेच अडवले, असे मिडलटन नंतर सांगे. मेक्सिकन कैद्याने पळत जाऊन खबर दिली आणि त्याबद्दल त्याला पुढे माफी मिळाली.

या ठिकाणी कोणत्याही सहानुभूतीने पाय घसरू देता कामा नये. रेनॉल्ड्स आणि होम्स आपले काम करत होते. त्यांच्या बायकामुलांना किडच्या खटल्यातल्या त्रुटींशी काही देणेघेणे नव्हते. किडने स्वतः चाप ओढला की नाही, यावरून त्याची जबाबदारी कमी-जास्त ठरेल, पुसली जाणार नाही. पण हेही तितकेच खरे की त्या सकाळपर्यंत किड एकदाही कायद्यापासून कायमचा पळाला नव्हता. १ जूनला तो स्वतः हजर झाला, २५ जूनला स्वतः शरण आला, तुरुंगातून सुटल्यावर सॅन कार्लोसलाच राहिला आणि ग्लोबच्या शेरीफाला तो तिथेच सापडला. ज्या माणसाला कायद्याच्या कक्षेत राहायचे नव्हते, त्याचे हे वागणे नव्हे.

इंग्रजीतल्या 'आउटलॉ' या शब्दाला मराठीत आपण दरोडेखोर, बंडखोर, फरारी असे शब्द योजतो. तिघांपैकी एकही नेमका बसत नाही. दरोडेखोर त्याच्या कृत्यावरून ठरतो, फरारी त्याच्या ठावठिकाण्यावरून. जुन्या इंग्लंडमध्ये आउटलॉ म्हणजे ज्याच्यावरचे कायद्याचे छत्र काढून घेतले आहे असा माणूस. त्याला कुणीही मारावे, मारणाऱ्याला दोष नाही. त्याने काय केले यापेक्षा राज्याने त्याला काय केले, याचे हे नाव आहे. या अर्थाने किडवर तो शिक्का २ नोव्हेंबरला बसला असे म्हणण्यापेक्षा तो दोन वर्षे हळूहळू बसत गेला, असे म्हणणे योग्य.

नंतरच्या किडविषयी दंतकथा उदंड आहेत. त्याच्या साथीदारांपैकी काही मारले गेले, काही पकडले गेले, आणि त्यांचा माग काढायला लष्कराने पाठवले अपाचे स्काउटच. किडवर मात्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोच्या सोनोरात झालेल्या कोणत्याही बिनमाहितीच्या खुनाचा, गुरेचोरीचा, बाईला पळवल्याचा आळ येऊ लागला. त्याने एखाद-दुसरे केलेही असेल. पण एकाच आठवड्यात एकमेकांपासून शेकडो मैलांवर तो दिसल्याच्या बातम्या छापून येत, यावरून वर्तमानपत्रांची रीत कळते. बातमीला चेहरा लागतो आणि किडचा चेहरा आयता मिळाला होता. ठाणेदार, गुरेवाले आणि चोर अशा सर्वांनाच तो सोयीचा होता, विशेषतः चोरांना.

या शिक्क्याची झळ इतरांनाही बसली. एस्किमिन्झिन हा अरवायपांचा वृद्ध सरदार; कँप ग्रँटच्या कत्तलीत त्याच्या घरातली बरीच माणसे गेली होती. त्यानंतरही त्याने सान पेद्रो नदीकाठी शेती केली, गुरे वाढवली, गावातल्या दुकानांत त्याची पत होती. ती जमीनही गोऱ्यांच्या धमक्यांमुळे त्याला सोडावी लागली. किडशी त्याचे लग्नसंबंधातून नाते होते. एवढ्यावर, किडला मदत केल्याच्या संशयाने, १८९१ साली त्याला पकडून खटल्याशिवाय अलाबामातल्या लष्करी छावणीत चिरिकावा कैद्यांबरोबर ठेवले. तीन वर्षांनी तो परत आला आणि १८९५ मध्ये वारला. किडला शोधता येत नव्हते. एस्किमिन्झिन कुठे राहतो हे सर्वांना माहीत होते.

किड मेल्याचे दावेही बरेच आहेत. १८९४ साली गॅलियुरो डोंगरांत आपण त्याला गोळी घातली, असे एका खाणशोधकाने सांगितले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोच्या सान मातेओ डोंगरांत गुरेवाल्यांच्या एका टोळीने एका अपाच्याला मारले आणि तोच किड असे जाहीर केले; तिथल्या राखीव रानाला आज त्याचे नाव आहे. १८९९ मध्ये मेक्सिकन पोलिसांचा कर्नल कोस्तेरलित्स्की म्हणत होता की किड सिएरा माद्रेत धडधाकट आहे. ५,००० डॉलरचे बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

सीबर १८९० साली सॅन कार्लोसच्या नोकरीतून काढला गेला. तिथल्या अपाच्यांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवरून त्याचा नव्या अधिकाऱ्याशी खटका उडाला होता. पुढे टोंटो खोऱ्यात रूझवेल्ट धरण बांधायला घेतले, तेव्हा धरणाच्या रस्त्याच्या कामावर अपाचे मजुरांच्या टोळीचा मुकादम म्हणून तो लागला. १९ फेब्रुवारी १९०७ रोजी एक मोठा दगड निसटून त्याच्यावर आला. घोट्याने त्याला वेळेवर बाजूला होऊ दिले नाही, असे काहीजण म्हणतात. त्याच्या मृत्यूच्या जागी अपाचे मजुरांनी दगडाचे स्मारक उभारायला मदत केली. अपाचे स्काउटांची पलटण त्यानंतरही चाळीस वर्षे होती; शेवटचे स्काउट १९४७ साली फोर्ट वाचूका येथून निवृत्त झाले.

सॅन कार्लोसचे जुने ठाणे, जिथे किडने बंदूक काढून ठेवली, ते आज उभे नाही. हीला नदीवर कूलिज धरण बांधले आणि मार्च १९३० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तलावाचे पाणी चढत गेले तसे ठाणे बुडाले. तिथली जुनी दफनभूमी हलवायची सरकारची तयारी होती. पुरलेल्या माणसांना उकरण्याला अपाच्यांनी विरोध केला. तेव्हा कबरींवर काँक्रीटची लादी ओतली आणि मग पाणी सोडले.